परत पाठवलेली होडी

डॉ. शरयू तेंडोलकर यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते मालवणात, एका जुन्या इमारतीच्या माडीवर. आमच्या संशोधन केंद्राचं ऑफिस तेव्हा तिथे होतं. मी चाळिशी ओलांडलेली होती. यजमानांच्या बदल्या संपून आम्ही गावी परतलो होतो आणि लग्नाआधी केलेल्या लॅब टेक्निशियनच्या कोर्सचं प्रमाणपत्र घेऊन मी मुलाखतीला गेले होते. ताईंनी प्रश्न फारसे विचारले नाहीत. एक वही माझ्यापुढे सरकवली, वीस नावं घर क्रमांकांसकट भराभर सांगितली आणि मी ती लिहून घेतली. मग वही उचलून त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"शाळा कुठली?"

मी कॉन्व्हेंटचं नाव सांगितलं.

"तरीच. नळीवरचं नाव वाचता आलं नाही, तर नळीतलं रक्त फुकट जातं. सोमवारपासून या."

उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "माहेर कुठलं?"

"मालवणच. बाजारात," मी म्हणाले.

हे उत्तर खोटं नव्हतं. माझी आई बाजारातच असायची, फक्त तिथे ती मासळीची पाटी घेऊन बसायची. ताईंना मी एवढंच सांगितलं नाही. पुढे जे घडलं त्याची सुरुवात इथे आहे, म्हणून हे आधीच लिहून टाकते.

ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या कार्याविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या हाताखाली सतरा वर्षं नळ्यांवर नावं लिहिली. तेवढ्याच अधिकाराने थोडं सांगते.

तापाची साथ आली की सगळेच धावतात. ताई साथ नसताना निघत. डेंग्यू, चिकुनगुन्या यांचे विषाणू डास चावल्यावर अंगात शिरतात आणि पुष्कळ माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. एखादा दिवस अंग कसकसतं, किंवा तेही नाही. माणूस होडीवर जातो, काजूच्या बागेत राबतो, आणि तेवढ्यात विषाणू येऊन गेलेला असतो. त्याची खूण मात्र रक्तात राहते. धडधाकट माणसांच्या रक्तातली ती खूण शोधणं हे ताईंचं काम. पण धडधाकट माणसाकडे रक्त मागणं किती कठीण असतं!

"ताप नाय, खोकलो नाय, मगे रगत कित्याक?" लोक विचारत. एका आजोबांनी तर सरळच विचारलं होतं, "आमी बरे आसव ह्या तुमका बघवना नाय काय?"

ताई मूळच्या कसालच्या बाजूच्या. ऑफिसात त्यांचं मराठी छापील असे, पण अंगणात टेकल्या की त्या मालवणीत शिरत. "चोर घरात येवन गेलो आणि तुमका कळूक नाय, असा झाला तर? तेचो भाव पुढच्या खेपेक येतलो तो मोडतोड करून जातलो. म्हणान आधी बघूचा, खंयच्या घरात पयलो येवन गेलो." डेंग्यूची दुसरी लागण पहिलीपेक्षा जिवावर बेतणारी ठरू शकते, हे याहून सोपं करून सांगताना मी कोणाला ऐकलेलं नाही.

त्यांचे दोन नियम होते. गावात पहिली नळी ताईंच्या स्वतःच्या दंडातली. लोकांसमोर बाही वर करून त्या हात पुढे करत आणि सुई मला टोचायला लावत. त्यांच्या कोपराच्या खळगीत त्या टोचण्यांचे डाग अजून आहेत. दुसरा नियम, ज्याचं रक्त त्याला निकाल. अहवाल मुंबईला जाण्याआधी प्रत्येक घरी चिठ्ठी जायची आणि ती वाचून दाखवली जायची. कोणाच्या घरी कोणाचा वाटा चुकवला, तर पुढच्या वेळी ते दार उघडत नाही, असं त्या म्हणत.

आता त्या गावपळणीविषयी लिहिते.

खाडीकाठच्या एका गावात (नाव लिहीत नाही) दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल घेऊन सगळं गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. घरांना कड्या लागतात. शेतकरी वाड्या वरच्या माळावर खोपी घालतात आणि मासेमार वाडी खाडी ओलांडून पलीकडच्या काठावर जाते. त्या गावाची पाहणी करायची ठरली तेव्हा ताईंनी मुद्दाम हेच तीन दिवस निवडले. एरवी दिवसा घरात कोण सापडतं? पुरुष समुद्रावर, बायका बाजारात नाहीतर शेतात. गावपळणीत सगळं गाव एका जागी, बिनकामाचं, गप्पांच्या मूडमध्ये बसलेलं असतं. ताईंनी गावच्या मानकऱ्यांना भेटून परवानगी घेतली होती, घरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून नावं काढली होती, आणि पलीकडे जाण्यासाठी मासेमार वाडीतल्या गणूची होडी सांगून ठेवली होती. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढे त्याला महत्त्व आहे. ताईंना सगळं माहीत होतं आणि त्यांनी सगळं ठरवलं होतं.

पहिल्या दिवशी माळावरचं काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बर्फाची पेटी घेऊन मालवणला गेल्या. रक्त उन्हात ठेवून चालत नाही. जाताना मला म्हणाल्या, "पलीकडची बारा नावं तेवढी राहिली. गणू दहाला येईल. तू एकटी करशील ना?"

मी "हो" म्हटलं. पण मी ती बारा नावं आदल्या रात्रीच वाचली होती. ती मासेमार वाडी माझ्या आईचं माहेर होती. दुसरंच नाव मी दोनदा वाचलं. ती आईची चुलत बहीण होती, माझी मावशी.

मी कॉन्व्हेंटमध्ये होते तेव्हा दर शुक्रवारी तिथल्या स्वयंपाकघराला मासे लागत. ते माझी आई मागच्या दाराने आणून देई. मधल्या सुट्टीत ती मला अंगणाच्या टोकाला दिसायची. मी मैत्रिणींना घेऊन पुढच्या बाजूला जायचे. आईने मला तिथे कधीही हाक मारली नाही. तिला दिसत नव्हतं असं मी कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. लग्नानंतर तर मी आईच्या त्या वाडीत पायच ठेवला नाही. आई गेल्यावरही नाही. आता पलीकडे उतरले की सगळी वाडी मला आईच्या नावाने, 'पारूचा चेडू', पारूची मुलगी, म्हणून हाक मारणार, आणि दुपारी ती हाक गाडीच्या ड्रायव्हरबरोबर ऑफिसात पोचणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

गणू दहाला आला. मला त्याने ओळखलं नाही.

"चला बाय. पलीकडे सगळी वाट बघतत. चायचो टोप चढवन ठेवलो हा."

"आज नको," मी म्हणाले. "डॉक्टरबाईंना बरं नाही. तू जा परत."

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, "बरा," म्हणाला आणि रिकामी होडी वळवून नेली.

त्यानंतर मी माळावर गेले आणि आदल्या दिवशी रक्त दिलेल्या बारा जणांना गोड बोलून पुन्हा बसवलं. आणखी एका चाचणीसाठी हवं, असं सांगितलं. कोणी नाही म्हटलं नाही. त्यांतले एक, त्यांना बाबी म्हणू, गावपळण सुरू झाल्यापासून कोंबडी-वडे खाऊन तृप्त होते. हात पुढे करून म्हणाले, "घे गो बाय, व्हया तितक्या घे. बायल तीस वर्सां माझा रगत पिता हा, तरी संपूक नाय!"

खोपीतून त्यांची बायको ओरडली, "रगत खंयचा! चरबी आसा ती नुसती!"

माळ हसला. मीही हसले. मग झाडाखाली बसून बारा नळ्यांवर मासेमार वाडीतली बारा नावं लिहिली. माझं अक्षर चांगलं असल्यामुळे ती खरी दिसत होती. संमतिपत्रं उरली. यादीतली बहुतेक माणसं सही न करणारी होती. मी शाईची डबी उघडली आणि बाराही कागदांवर माझ्या डाव्या हाताचा अंगठा उठवला.

चार दिवसांनी दुपारी ताईंनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. गाव तोवर कौल घेऊन घरी परतलं होतं. टेबलावर दोन नळ्या होत्या. रक्त फिरवून त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात. या दोन्ही नळ्यांत तो दुधासारखा पांढरट आला होता. चमचमीत, तेलकट खाल्लं की असं होतं. एका नळीवर बाबींचं नाव होतं. दुसरीवर माझ्या मावशीचं.

"ही म्हातारी माळावर जेवायला आली होती का गं?" ताईंनी विचारलं.

त्यांनी संमतिपत्रांचा गठ्ठा उघडून बारा कागद शेजारी शेजारी मांडले. बारा अंगठे, आणि प्रत्येकात मधोमध एक तिरपी पांढरी रेघ.

"अंगठा दाखव."

मी दाखवला.

"कशाने कापला होता?"

"आडाळ्याने. बांगडे कापताना. सहा-सात वर्षांची होते."

"कोणाच्या घरी?"

"आजोळी," मी म्हणाले. "त्याच मासेमार वाडीत."

ताईंनी ते बारा कागद गोळा करून आपल्या खणात ठेवले. रागावतील, नोकरी जाईल, याची मी तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "मग तुला वाट माहीत आहे. उद्या आपण दोघी जाऊ."

दुसऱ्या दिवशी गणूची होडी पुन्हा आली. वाडी आता आपल्या घरी होती, पण ताई म्हणाल्या, रस्त्याने नको, त्यांच्याच होडीने जाऊ. मावशीच्या अंगणात आम्ही उतरलो. मावशीने माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं.

"ह्या चेडू कोणाचा गो? डोळे वळखीचे दिसतत."

"पारूची मी, मावशी."

"पारूचा!" तिने माझा दंड धरला आणि मग हळूच सोडला. "म्हणजे त्या दिवशी गणूक परत धाडलंस ता तूच मां? गणू सांगी होतो, एक बाय इली, मास्तरणीसारी बोलता. कित्याक गो? आमच्या चायेक वास येता?"

उत्तराची वाट न बघता मावशी ताईंकडे वळली. "डॉक्टरीणबायनू, तुमका बरा नाय होता म्हणे. आता बरा मां?"

माझं खोटं त्यांच्यापुढे असं उघडं पडलं. ताईंची पापणीही लवली नाही.

"बरा आसा, मावशी. तुमी चाय आणा तर खरी, वास येता काय ता मी बघतंय."

मावशी हसत आत गेली. ताईंनी बाही वर केली, पहिली नळी त्यांची. मग मोठ्याने म्हणाल्या, "दुसरी हिची. ही तुमचीच आसा." मावशीच्या ओसरीवर, सगळ्या वाडीसमोर, ताईंनी माझ्या दंडातलं रक्त काढलं. त्यानंतर ती बाराही माणसं ओळीने आली. एकानेही 'कित्याक' विचारलं नाही.

त्या वाडीत जवळजवळ प्रत्येकाच्या रक्तात डेंग्यू येऊन गेल्याची खूण सापडली. ताप आल्याचं कोणाला आठवत नव्हतं. पाणी लांबून आणावं लागे, म्हणून दारोदारी पिंपं भरलेली असायची, आणि झाकणं कोणाचीच धड नव्हती. माळावरच्या लोकांत मात्र ती खूण क्वचितच होती. म्हणजे माझ्या त्या नळ्या तशाच गेल्या असत्या, तर मासेमार वाडी अहवालात निर्धास्त ठरली असती. माझ्या सुंदर अक्षरातली चिठ्ठी मावशीला वाचून दाखवली गेली असती, की तुमच्याकडे काही नाही.

ताईंनी पावसाच्या आधी पिंपांना झाकणं बसवून घेतली आणि तालुक्याच्या दवाखान्यात सांगून ठेवलं, की या वाडीतलं कोणी ताप घेऊन आलं तर घरी पाठवू नका. श्रावणात मावशीची सून तापाने पडली. तिसऱ्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. गणूने तिला आणलं तेव्हा डॉक्टरांनी वाडीचं नाव ऐकलं आणि लगेच खाट दिली. ती वाचली. तिचा थोरला मुलगा आज होडी चालवतो. त्याला बघते तेव्हा मला माझा अंगठा आठवतो.

अहवालात ताईंनी लिहिलं, "नियोजनातील त्रुटीमुळे खाडीपलीकडील नमुने पुन्हा घ्यावे लागले. जबाबदारी माझी." आढावा बैठकीत वरच्या एका अधिकाऱ्यांनी ते वाक्य वाचलं आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "गावपळणीत गाव रिकामं असतं हे बाईंना कोणी सांगितलं नव्हतं वाटतं! रिकाम्या घरांचं रक्त काढायला गेल्या होत्या!"

सगळे हसले. ताई खाली बघून चष्मा पुसत होत्या. मी कोपऱ्यात बैठकीचं इतिवृत्त लिहीत बसले होते. मीही हसले. पेन चालूच होतं.

जिन्यात मी त्यांना गाठलं. "ताई, तुम्ही का घेतलंत अंगावर?"

"नळ्यांवर खोटी नावं होती हे बाहेर कळलं, तर जिल्ह्यातलं एक तरी गाव आपल्याला पुन्हा रक्त देईल का?" त्या थांबल्या. "तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. परत झालं तर तुझं नाव लिहीन."

त्यानंतर सहा महिने माझी प्रत्येक नळी त्या स्वतः तपासत. कामापुरतंच बोलत. ते सहा महिने मला अजून टोचतात आणि ते मला मिळायलाच हवे होते. सातव्या महिन्यात एके दिवशी त्यांनी न बघता पेटीचं झाकण लावलं आणि म्हणाल्या, "रोहिणी, चहा घेऊया."

तो विनोद मात्र राहिला. 'रिकाम्या घरांच्या बाई' हे नाव ताईंना कायमचं चिकटलं. समारंभात, निरोपाच्या भाषणात, नव्या मुलांच्या तोंडी ते मी ऐकत आले. ज्या बाईंनी गावपळण समजून घेऊन, मानकऱ्यांच्या पायरीवर बसून ते काम आखलं, त्यांना गावची रीत माहीत नव्हती असं लोक प्रेमाने, हसत सांगत. ताई हसत. मी गप्प बसत असे. निवृत्तीच्या दिवशी ताईंनी मला एक पाकीट दिलं. आत ते बारा कागद होते. "फाडायचे की ठेवायचे, तू ठरव," एवढंच म्हणाल्या. मी ठेवले, कपाटात, साड्यांच्या खाली.

या ग्रंथाची मुद्रितं तपासायचं काम समितीने माझ्याकडे दिलं. एका पानावर तो विनोद होता. लिहिणाऱ्याची चूक नाही. त्याने तो आमच्याकडूनच ऐकला. लाल पेन घेऊन मी दोन दिवस त्या पानाशी बसले. चार ओळींवर काट मारली असती तर कोणाला कळलंही नसतं. पण असं गुपचूप सारवून टाकायची माझी सवय मला ठाऊक आहे. म्हणून ते पान मी तसंच ठेवलं आणि हा लेख लिहायला घेतला. वाचकांनी ते पान वाचताना हेही वाचावं. ताई रिकाम्या घरांत गेल्या नव्हत्या. त्यांनी सांगितलेली होडी मी परत पाठवली होती, कारण मला माझ्या माणसांची लाज वाटत होती.

लिहिण्याआधी ताईंना फोन केला. "ताई, गावपळणीचं लिहू का?"

मग त्या म्हणाल्या, "लिही. पण त्या कोंबडी-वडेवाल्यांचं खरं नाव घालू नकोस हं. त्यांना वाटेल, सगळं त्यांच्या चरबीमुळे झालं." आणि फोन ठेवता ठेवता, "समारंभाला मावशीला बोलावलंस का?"

मी बोलावलं नव्हतं. निमंत्रणांच्या शेकडो पाकिटांवर नावं लिहिली, पण मासेमार वाडीतलं एकही लिहिलं नव्हतं. इतक्या वर्षांनंतरही नाही. आता ती बारा नावं त्याच अक्षरात पुन्हा लिहिली आहेत. बारांपैकी तिघे आज नाहीत. त्यांची पाकिटं त्यांच्या घरी देईन. बाकीच्यांना स्वतः जाऊन सांगेन, की तुमच्या नावावर मी एकदा दुसऱ्याचं रक्त लिहिलं होतं. मावशी काय म्हणेल, ते ऐकून घ्यायला हवं.

ताईंना उदंड आयुष्य लाभो, हे तर सगळेच मागतील. मी थोडं वेगळं मागते. ताईंचे गुडघे होडीत पाय टाकण्याइतके बळकट राहोत, मावशीच्या अंगणातला चहा त्यांना आणखी पुष्कळ वर्षं पचो, आणि नवीन मुलींच्या नळ्या तपासायला त्यांची नजर अशीच तीक्ष्ण राहो. समारंभाच्या दिवशी सकाळी दहाला मावशीला आणि वाडीतल्या माणसांना आणायला होडी सांगितली आहे, गणूचीच. या वेळी मी काठावर उभी असेन, आणि ती परत पाठवणार नाही.